एका सहीसाठी नऊ दिवस उघडा खड्डा

घर विकताना आमच्या मागच्या अंगणात नऊ दिवस खड्डा उघडा पडला होता. काम दोन तासांचं. बाकी सगळा वेळ एका सहीचा.

बोस्टनपासून तासाभरावरचं गाव, रस्त्यावर गटाराची लाइन नाही. घरामागे सेप्टिक टँक आणि लीच फील्ड, म्हणजे टँकमधलं पाणी जमिनीत मुरवणारे भोकांचे पाइप. मॅसॅच्युसेट्समध्ये 'टायटल फाइव्ह' नावाचा नियम आहे: घर विकण्याआधीच्या २ वर्षांत याची तपासणी झालेली हवी. दरवर्षी टँक उपसल्याच्या पावत्या असतील तर ३ वर्षं चालते. आमच्याकडे पावत्या सोडून सगळं होतं.

इन्स्पेक्टर भला माणूस. टँक ठीक, लीच फील्ड ठीक. पण डी-बॉक्स, म्हणजे टँकमधून आलेलं पाणी सगळ्या पाइपांत सारखं वाटून देणारी काँक्रीटची पेटी, वायूने खाऊन भुसभुशीत झालेली. निकाल 'कंडिशनल पास'. पेटी बदला, बोर्ड ऑफ हेल्थची, म्हणजे गावच्या आरोग्य खात्याची, मंजुरी आणा. मला वाटलं, सुटलो.

परमिट आलं. बुधवारी सकाळी इन्स्टॉलरने खणून नवी पेटी बसवलीही. पण माती लोटायच्या आधी हेल्थ एजंटने, म्हणजे बोर्डाच्या तपासनीसाने, ती डोळ्यांनी बघायला हवी. आणि आमच्या गावचा एजंट येतो मंगळवारी नि गुरुवारी, तेही सकाळीच. गुरुवारी तो रजेवर. मंगळवारी मी साडेआठपासून खिडकीत. बारा वाजले तेव्हा फोन केला. बोर्डाच्या ऑफिसातली बाई शांतपणे म्हणाली, "तुमचं नाव यादीतच नाही." मी स्वतः सोमवारी फोन करून सांगितलं होतं हो! "फोन घरमालकाने नाही, इन्स्टॉलरने करायचा असतो." हे सोमवारी सांगायला काय झालं होतं? मधे दोनदा पाऊस, खड्ड्यावर ताडपत्री, आणि खरेदीदाराचा वकील रोज विचारतोय. क्लोजिंग, म्हणजे विक्रीचा शेवटचा व्यवहार, एकदा पुढे ढकललं. शेवटी पुढच्या गुरुवारी एजंट आला, वाकून बघितलं, "गुड" म्हणाला, गेला. दोन मिनिटंसुद्धा नाही. शुक्रवारी माती पडली. काम नियमाप्रमाणे झाल्याचं सर्टिफिकेट ऑफ कम्प्लायन्स हातात पडलं तेव्हा बायकोने त्याचा फोटो काढला, मुलाच्या पदवीचा काढला होता तसा.

तेव्हा इन्स्टॉलर ठरवतानाच विचारा, एजंटला फोन कोण करणार. आणि हो, तपासणीआधी हौसेने टँक उपसून ठेवू नका. आतली पातळी बघूनच तर इन्स्पेक्टर अंदाज बांधतो. आणखी एक, हे खरं तर सगळ्यात आधी करायचं: बोर्ड ऑफ हेल्थकडे बहुधा 'अ‍ॅज-बिल्ट' नकाशा असतो, म्हणजे टँक नि पाइप प्रत्यक्षात कुठे बसवलेत ते दाखवणारा, तो आधी मागून घ्या. आम्ही न मागता आठवणीने जागा दाखवली आणि हिरवळीत दोन खड्डे फुकट पडले.

बाबांना फोनवर हे सांगितलं तर म्हणाले, "आपल्या दापोलीच्या घराचा शोषखड्डा कुठे आहे, माहितेय का तुला?" मला नव्हतं माहीत. त्यांनाही नक्की आठवेना.