बॉयलर नसलेल्या माणसाचे इंजिन

काटोलजवळच्या आमच्या गावी आजोबांची पिठाची चक्की होती आणि ती एका सिलिंडरच्या डिझेल इंजिनावर चालत असे. सकाळी इंजिन सुरू करणे हे दोन माणसांचे काम होते. एकाने हँडल फिरवून जड चाकाला वेग द्यायचा आणि दुसऱ्याने नेमक्या क्षणी डिकॉम्प्रेशनचा, म्हणजे उचलून ठेवला की सिलिंडरमधली हवा दाबली जाऊ न देणारा, खटका पाडायचा. खटका पाडण्याचे काम माझ्याकडे होते. पुढे नागपुरात शिकायला आल्यावर एम्प्रेस मिल या जुन्या कापडगिरणीच्या परिसरातून जाताना मला नेहमी वाटे, की या गिरणीला उंच धुराडे, बॉयलर, कोळशाचे ढीग आणि पाळीपाळीने राबणारी माणसे लागली, मग आमच्या चक्कीला एक इंजिन आणि ते थंड ठेवायला पाण्याचा हौद एवढेच कसे पुरले? या प्रश्नाच्या मागे लागून मी जर्मनीतील कोलोन शहरातल्या, इंजिने बनवणाऱ्या डॉइट्झ कंपनीच्या इतिहासापर्यंत पोहोचलो.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर वाफेचे इंजिन बड्या कारखानदाराच्याच आवाक्यात होते. सुताराला, छापखानेवाल्याला किंवा लहानशा विणकराला बॉयलर घेणे परवडत नसे, आणि घेतला तरी तो ठेवायला जागा नसे. १८६० मध्ये लेन्वार या पॅरिसच्या कारागिराने दिव्यांसाठी नळातून येणाऱ्या कोळशाच्या वायूवर चालणारे इंजिन बाजारात आणले, पण ते वायू फार खाई. निकोलाउस ऑगस्ट ओटो हा त्या वेळी चहा, साखर असा किराणा माल विकत गावोगाव हिंडणारा विक्रेता होता. यंत्रशास्त्राचे रीतसर शिक्षण त्याला मिळालेले नव्हते, तरीही लेन्वारच्या इंजिनाची बातमी वाचून तो प्रयोगांना लागला. वायू आणि हवेचे मिश्रण पेटवण्याआधी दाबावे, ही कल्पना त्याने तेव्हाच करून पाहिली होती. मात्र स्फोटांच्या दणक्यांपुढे ते पहिले यंत्र टिकले नाही.

१८६४ मध्ये ऑयगेन लांगेन हा साखरेच्या धंद्यातील घराण्याचा, तंत्रशिक्षण घेतलेला तरुण त्याला भेटला, आणि त्याच वर्षी ३१ मार्चला दोघांनी ‘एन. ए. ओटो अँड कंपनी’ स्थापन केली. केवळ इंजिने बनवण्यासाठी उभा राहिलेला जगातील पहिला कारखाना म्हणून आजही याच कंपनीचे नाव घेतात. त्यांचे सुरुवातीचे यंत्र आजच्या डोळ्यांना विचित्र वाटेल. उभ्या सिलिंडरमध्ये वायूचा स्फोट झाला की दट्ट्या (पिस्टन) कोणतेही काम न करता नुसता वर उडत असे. मग आतला वायू निवून पोकळी तयार होई आणि बाहेरच्या हवेचा दाब दट्ट्याला खाली रेटी, तेव्हा कुठे त्याला जोडलेली दात्यांची पट्टी आस फिरवी. दट्ट्या वर जाताना आसापासून सुटा राहावा म्हणून लांगेनने सायकलच्या फ्रीव्हीलसारखी एकाच दिशेने पकडणारी जोडणी केली होती. १८६७ च्या पॅरिस प्रदर्शनात हे खडखडणारे यंत्र प्रथम कोणाच्या नजरेत भरले नाही, पण वायूचा खप मोजला गेला तेव्हा तो लेन्वारच्या इंजिनाच्या निम्म्याहूनही कमी निघाला, आणि सुवर्णपदक ओटो-लांगेनांना मिळाले.

मात्र तीन अश्वशक्तीच्या पलीकडे हे यंत्र जाईना, कारण तेवढ्यासाठीच छत बरेच उंच लागे. कारखाना ऱ्हाइन नदीच्या उजव्या काठावरील डॉइट्झ भागात हलला होता आणि १८७२ मध्ये कंपनीची त्या भागाच्या नावाने नव्याने बांधणी होऊन गॉटलीब डाइमलर तांत्रिक प्रमुख, तर विल्हेल्म मायबाख आरेखन विभागाचा प्रमुख झाला. मोटारगाडीच्या इतिहासात पुढे गाजलेली एवढी माणसे एका छताखाली जमल्याचे उदाहरण मला यंत्रांच्या इतिहासात दुसरे आठवत नाही. १८७६ मध्ये ओटोने आपल्या जुन्या कल्पनेकडे परत जाऊन मिश्रण आत ओढणे (सक्शन), ते दाबणे (कॉम्प्रेशन), पेटवून ताकद घेणे (पॉवर) आणि जळका वायू बाहेर टाकणे (एक्झॉस्ट) अशा दट्ट्याच्या चार फटक्यांचे इंजिन यशस्वी केले. १८७७ मध्ये त्याचे पेटंट झाले. जमशेदजी टाटांची एम्प्रेस मिल नागपुरात १ जानेवारी १८७७ रोजी सुरू झाली, म्हणजे आमच्या शहरात वाफेचे युग दिमाखात अवतरत होते त्याच वर्षी तिकडे बॉयलरविना चालणाऱ्या इंजिनावर सरकारी मोहोर उमटत होती.

पुढचा भाग ओटोसाठी दुःखाचा आहे. वाहनांसाठी लहान, वेगवान इंजिने करावीत या मताच्या डाइमलरचे त्याच्याशी पटले नाही. १८८२ मध्ये डाइमलर बाहेर पडला आणि त्याच्यामागे मायबाखही गेला. १८८६ मध्ये न्यायालयाने पेटंटचा मुख्य दावा रद्द केला, कारण बो द रोशा या फ्रेंच अभियंत्याने १८६२ मध्येच चार फटक्यांचे तत्त्व एका पुस्तिकेत मांडले होते. त्याने इंजिन कधी बनवले नव्हते, त्यामुळे कागदावरच्या कल्पनेने चालत्या यंत्राला हरवले हे मला आजही अन्यायाचे वाटते. परंतु त्या निकालामुळेच हे इंजिन कोणालाही बनवण्याची वाट मोकळी झाली. ओटो १८९१ मध्ये वारला.

त्यानंतर कंपनीने अनेक नावे आणि भागीदार पाहिले. हुम्बोल्ट आणि क्लोक्नर या जर्मन कंपन्यांशी जोडली जाऊन ती १९३८ मध्ये ‘क्लोक्नर-हुम्बोल्ट-डॉइट्झ’ झाली, ट्रॅक्टर आणि ट्रकही तिने काढले, आणि १९९५ मध्ये शेतीयंत्रांचा विभाग इटलीच्या ‘सामे’ कंपनीला विकून ती पुढे पुन्हा मुख्यतः इंजिनांकडे वळली. तिच्या कामांपैकी मला सर्वांत जवळची वाटतात ती हवेने थंड होणारी डिझेल इंजिने. रेडिएटर नाही, गळणारे नळ नाहीत. पंख्याने सिलिंडरभोवतीच्या धातूच्या पातळ पापुद्र्यांवरून हवा खेळवली की झाले. मे महिन्यात पारा पंचेचाळिशी ओलांडत असताना विहिरीचा तळ दिसू लागलेल्या गावात इंजिनाच्या हौदासाठी पाणी वाहिलेल्या माणसाला या रचनेचे मोल वेगळे सांगावे लागत नाही.

आमच्या चक्कीला आता विजेची मोटर आहे आणि जुने इंजिन कोपऱ्यात उभे आहे. त्यात ठिणगीविना, दाबून तापलेल्या हवेत इंधन पेटण्याची रीत रुडॉल्फ डिझेलची होती, पण फटक्यांचा क्रम ओटोचाच. गेल्या दिवाळीत गावी गेलो तेव्हा खटका न उचलता मी त्याचे चाक हाताने फिरवून पाहिले. दुसऱ्या फटक्याला आतली हवा दाबली गेली आणि चाकाने माझा हात मागे ढकलला.