एसीचा गॅस संपला नव्हता, सेन्सरची वायर गंजली होती

गोव्यात मांद्र्याला आमचं घर समुद्राला अगदी लागून. तिथे कुठलीही धातूची वस्तू चार पावसाळे धड टिकत नाही. ऐन मे महिन्यात आईच्या खोलीतला स्प्लिट एसी नुसता वारा टाकू लागला. रिमोटवर २४, खोलीत ३० अंश, आणि बाहेरचा कॉम्प्रेसर एक तर सुरूच होत नव्हता, नाही तर सुरू होऊन लगेच बंद पडायचा. मात्र रिमोट १६ वर नेला की तोच एसी व्यवस्थित थंड करायचा.

ही शेवटची गोष्ट मी सर्व्हिस सेंटरच्या प्रत्येक माणसाला सांगितली. एकानेही ऐकून घेतली नाही. पहिला आला, बाहेरच्या युनिटला गॅसचा दाब मोजायचा गेज लावला, "गॅस कमी आहे" म्हणाला, गॅस भरला आणि बिल फाडलं. अहो, गॅस बंद नळीत फिरतो, तो वापरून संपत नाही. कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहे, ती शोधा. आणि गॅस खरंच कमी असता तर १६ वर लावूनही खोली थंड झाली नसती! जाताना त्याने तक्रार बंद करायला ओटीपी मागितला. एसी तेव्हा चालू होता, कारण त्याने स्वतःच तो १६ वर लावून दाखवला होता. रात्री आईने २४ केला आणि परत तेच. १ जानेवारी २०२० पासूनच्या स्टार लेबलच्या एसीला २४ हेच सुरुवातीचं तापमान ठरवून दिलंय, म्हणजे चाचणी २४ वरच घ्यायला हवी की नको?

नव्याने तक्रार केली तर आधीची "निवारण झाली" म्हणून नोंदलेली, त्यामुळे व्हिजिट चार्ज पुन्हा. दुसऱ्याने परत गॅसचंच गाणं लावलं. तिसरा म्हणाला पीसीबी, म्हणजे एसी चालवणारा इलेक्ट्रॉनिक बोर्ड गेला, नवीन घाला. मल्टिमीटर एकाच्याही पिशवीत नव्हता. आई ऐंशीच्या घरातली, रात्रभर घामाने जागी, आणि फोनवर रोज तेच उत्तर: उद्या माणूस येईल.

शेवटी गावातल्या इलेक्ट्रिशियनना बोलावलं. वडिलांच्या वयाचे, सगळे त्यांना भाई म्हणतात. १६ आणि २४ चा फरक ऐकताच म्हणाले, "गॅस ना म्हण कोणें सांगलें तुका?" (गॅस नाही असं कोणी सांगितलं तुला?) एमसीबी पाडून वीज तोडली आणि आतल्या युनिटचं पुढचं झाकण काढलं. कॉइलच्या, म्हणजे थंड होणाऱ्या नळ्यांच्या जाळीच्या पुढे क्लिपमध्ये मण्याएवढा रूम सेन्सर असतो, त्याच्या दोन बारीक वायरी बोर्डावरच्या पांढऱ्या कनेक्टरपर्यंत जातात. हाच स्प्लिट एसीचा थर्मोस्टॅट. कनेक्टर उपसला तर एक पिन हिरवीगार, वायरीचं तांबं काळं पडलेलं.

आमचा सेन्सर १० किलोओहमचा, म्हणजे २५ अंशांना तेवढा रोध (विजेला होणारा अडथळा). उष्णता वाढली की रोध कमी होतो. ३० अंशांना तो साधारण ८ असतो, २० ला साडेबारा. मीटर कनेक्टरच्या टोकाला तेराच्या आसपास दाखवत होता आणि वायर हलवली की आकडा नाचत होता. सेन्सरच्या मुळाशी वायर सोलून मोजलं तर बरोबर ८. गंजाने रोध वाढवला, म्हणून बोर्डाला वाटत होतं की खोली वीस अंशांची आहे, मग तो कॉम्प्रेसर कशाला सुरू करेल?

म्हापशाहून नवा सेन्सर आणला, किंमत गॅसच्या बिलापुढे काहीच नाही. विकत घेताना किलोओहमचा आकडा जुन्याशी जुळवूनच घ्या, बाजारात ५, १५, २० चेही मिळतात. शेजारी कॉइलचा दुसरा सेन्सर असतो, त्याची जागा याला देऊ नका. नवा सेन्सर लावण्याआधी मुठीत धरून मीटर लावा, आकडा हळूहळू उतरायला हवा. बाहेरच्या युनिटचं झाकण मात्र स्वतः उघडू नका, त्यातल्या कपॅसिटरमध्ये एमसीबी पाडल्यावरही वीज साठून राहते.

भाईंनी पिनांची सगळी जोडणी बदलून दिली आणि २४ वर एसी तासभर चालवून बघितला. आता कॉम्प्रेसर खोली थंड झाल्यावरच थांबतो. सर्व्हिसवाला आला तर त्यालाही तसंच तासभर थांबवा, रिमोट तुमच्या हातात ठेवा, आणि ओटीपी त्यानंतरच सांगा.