आजीला इन्सुलिनची गोळी का मिळाली नाही

"मॅडम, हार्मोन्सचा प्रॉब्लेम आहे, प्रोटीन घेतलं तर फरक पडेल का?" आहारतज्ज्ञ म्हणून हा प्रश्न मला आठवड्यातून दोन-चारदा तरी येतो. थायरॉईडवाल्या विचारतात, पीसीओडी (अंडाशयाचा, हार्मोन्स बिघडण्याचा त्रास) असलेल्या मुलींच्या आया विचारतात. परवा तुम्हीही विचारलंत, तेव्हा घाईत "पावडर लगेच आणू नका" एवढंच बोलले. आता नीट सांगते.

आमच्या घरी फ्रिजच्या दारात आजीची इन्सुलिनची बाटली असायची. सकाळी आई तिच्या पोटाची चिमूट धरून सुई टोचायची आणि आजी म्हणायची, "तुला थायरॉईडची गोळी, मग मलाच सुई का गं?" आईला सांगता यायचं नाही. मला ते कॉलेजात गेल्यावर कळलं.

इन्सुलिन हे हार्मोन स्वतःच प्रोटीन आहे. प्रोटीन ज्यांचं बनतं त्या अमिनो आम्लांचे ५१ मणी दोन सरांत ओवलेले, एकात २१, दुसऱ्यात ३०. त्यांचा क्रम ब्रिटिश शास्त्रज्ञ फ्रेडरिक सँगर यांनी उलगडला, त्यासाठी त्यांना १९५८ चं नोबेल मिळालं. असं इन्सुलिन गिळलं तर पोट ते वरणासारखंच पचवून टाकतं, सर तुटून मणी सुटे होतात. आईच्या गोळीतलं थायरॉक्सिन हे थायरॉईडचं हार्मोन मात्र फार लहान. टायरोसिन या अमिनो आम्लाचे दोन रेणू जोडून तयार झालेलं, त्यावर आयोडीनचे चार अणू. ते पचनातून शाबूत सुटतं आणि रक्तात पोचतं.

तिथेही ते एकटं फिरत नाही. ९९ टक्क्यांहून जास्त थायरॉक्सिन रक्तातल्या प्रोटीनना धरून असतं. रिपोर्टवर 'फ्री टी-फोर' लिहितात ना (टी-फोर म्हणजे थायरॉक्सिनच), ते म्हणजे सुटं राहिलेलं चिमूटभर. इस्ट्रोजेन, टेस्टोस्टेरॉन बनतात कोलेस्टेरॉलपासून, पण त्यांनाही वाहून नेतात ती यकृतात तयार झालेली प्रोटीनच. आणि पेशीपाशी हार्मोनचा निरोप घेणारे रिसेप्टर, तेही प्रोटीन.

मग प्रोटीन जास्त खाल्लं की हार्मोन सुधारतील का? नाही. ग्रंथी शरीराच्या गरजेप्रमाणे काम करते, ताटात किती मणी आले ते मोजून नाही. पीसीओडीत तर बऱ्याच मुलींचं इन्सुलिन आधीच वाढलेलं असतं. तिथे प्रोटीनचा उपयोग वेगळा: जेवणात ते पुरेसं असलं की साखर सावकाश चढते, भूकही लवकर लागत नाही.

मला काळजी वाटते ती प्रोटीन कमी पडण्याची. सकाळी चहा-बिस्किट, दुपारी भातावर पळीभर पातळ आमटी, रात्री पोळी-बटाटा. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचं प्रमाण आहे वजनाच्या दर किलोला ०.८३ ग्रॅम. तुमचं वजन ६० किलो, म्हणजे दिवसाला ५० ग्रॅम. मूठभर, ३० ग्रॅम तूरडाळीत साडेसहा ग्रॅमच्या आसपास मिळतं, एका अंड्यात सहा, ३० ग्रॅम शेंगदाण्यांत सात. आमटी घट्ट करा, सकाळी मोड आलेली मटकी किंवा अंडं घ्या, दुपारी वाटीभर दही. बहुतेकांचं यात भागतं. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर मात्र आधी डॉक्टरांना विचारा.

आणि हो, आईची थायरॉईडची गोळी अजून चालूच आहे. आहार सुधारला म्हणून तुमची गोळी आपल्या मनाने बंद करू नका.