चौकटीतला दोन

फेब्रुवारी 2011. देवगड तालुक्यातल्या एका वाडीवर मी जनगणनेचा प्रगणक होतो. 9 ते 28 फेब्रुवारी एवढीच मुदत. शाळा सुटली की पिशवी खांद्याला मारायची आणि घाटी चढायची.

लोकांना वाटतं, जनगणना म्हणजे डोकी मोजणं. एकेका माणसाचे 29 प्रश्न होते. फॉर्म मशीन वाचणार, म्हणून त्याला घडी पडता कामा नये, आकडा चौकटीच्या रेषेला टेकता कामा नये. माझं अक्षर बरं, त्यामुळे तालुक्याला माझे फॉर्म नमुना म्हणून दाखवले होते. हे सांगायची गरज नाही, पण सांगतो.

वैवाहिक स्थितीला पाच पर्याय: अविवाहित, विवाहित, विधवा किंवा विधुर, विभक्त, घटस्फोटित. आकडे एक ते पाच.

त्या घरात एकटी काकी. कुटुंबप्रमुख कोण विचारलं, तर म्हणाली, "घोव." नवरा मुंबईला. जो तिथे राहतो तो तिथेच मोजला जाणार, म्हणून प्रमुख तीच. हे समजावण्यातच अर्धा तास गेला. लग्नाच्या वेळचं वय? "कोयनेचो भूकंप झालो, त्या वर्साक. माका सोळावा लागलेला." म्हणजे 1967. असं साल कोणी सांगितलं की मी खूश व्हायचो. बाकीचे नुसतं "लहान होतंय" म्हणून सोडून द्यायचे.

घोव गिरणीत होता. 1982च्या संपानंतर वाडीतले बरेच जण परतले, हा नाही परतला. तिकडे दुसरं बिऱ्हाड आहे, पोरं आहेत, हे अख्ख्या वाडीला ठाऊक. शेजारणीने तर मी पायरी चढायच्या आधीच सांगितलं होतं. त्यामुळे न विचारताच माझं बॉलपेन चारच्या आकड्याकडे वळलं.

काकी दुसरी शिकलेली, पण आकडे वाचत होती.

"गुरुजी, चार म्हंजे काय?"

विभक्त, म्हटलं. वेगळे राहणारे.

"माका सोडल्यान म्हणान कोणी सांगितला तुमका? दर वर्साक चवथीक येता. माटयेक दोरी तोच बांधता. पूजेक माझ्याच वांगडा बसता." मग आवाज खाली आणून, "ह्यो कागद भावकेक दाखवतलात काय?"

खरी भीती तिथे होती. परड्यातल्या चार माडांवर दिरांचा डोळा. मी सांगितलं, 1948च्या कायद्याने ही माहिती गुप्त असते, कोर्टातसुद्धा पुरावा म्हणून चालत नाही. तिचा विश्वास बसला नाही. मलाही ते तिच्या ओटीवर बसून सांगताना पोकळच वाटलं.

फॉर्म रद्द केला, नवा घेतला, दोन लिहिला. रेषेला न टेकवता.

पर्यवेक्षक चिडले. रद्द फॉर्मचा हिशेब त्यांना द्यावा लागायचा. "वाडीला माहीत आहे ना? मग चारच ठेवायचा होता." प्रशिक्षणात मात्र याच गृहस्थांनी बजावलं होतं: सांगणारा सांगेल ते लिहा, पुरावा मागू नका.

पुढे आकडे आले. देशात घटस्फोटित सुमारे साडेतेरा लाख, विभक्त त्याच्या जवळपास तिप्पट. तेवढ्यावर सभांमधून भाषणं झाली, आपल्याकडे लग्नं कशी टिकतात म्हणून. टाळ्या वाजवणाऱ्यांत मुंबईला दुसरं बिऱ्हाड असलेला एक सरपंचही होता. दुसऱ्या एका आकड्याबद्दल कुणी बोललं नाही: विवाहित बायका विवाहित पुरुषांपेक्षा सुमारे 66 लाखांनी जास्त. नवरे परदेशी गेलेल्या बायका त्यात असणारच. पण मला काकीचा दोन दिसतो. आणि तिकडच्या चाळीत दुसऱ्या कुणा प्रगणकाने लिहिलेला दुसरा दोन. नवरा एकच, तो एकदाच मोजलेला.

ती दोन म्हणाली ते टिकलेल्या लग्नासाठी की टिकवायच्या माडांसाठी, हे मला अजून उमगलेलं नाही. 2027च्या जनगणनेच्या तयारीत एका तरुण मास्तराने परवा विचारलं, "अशी केस आली तर काय टाकायचं?" सांगतील ते टाक, म्हटलं, पण आधी पेन टेकवू नकोस.

2011 सालीच चवथीला मी काकीच्या घरी आरतीला गेलो होतो. तो स्टुलावर उभा राहून गणपतीवरच्या माटवीला कवंडळाची फळं बांधत होता, काकी खालून सुंभ देत होती. ती आत गेल्यावर मी हळूच विचारलं, तिकडे जनगणनेला काय सांगितलंत?

"माका खय कोणी इचारल्यानी?" गाठ आवळत तो म्हणाला. "मी कामार होतंय. तिनाच सगळा सांगितल्यान."