आमची वाटचाल : चरईतली गिरणी

1978 साली ठाण्यात मासुंदा तलावाच्या काठी गडकरी रंगायतन हे नाट्यगृह सुरू झालं, त्याच वर्षी वडिलांनी चरईत गिरणी टाकली. पुढची बरीच वर्षं दळण, पट्टे आणि वीजबिलं, यापलीकडे सांगण्यासारखं काही नाही. सांगायचंय ते नंतरचं.

आमच्या रस्त्यावरचे कौलारू वाडे एकेक करून गेले. सायकल दुरुस्तीवाला गेला, इस्त्रीवाल्याची टपरी गेली. मग पावसाळ्याआधी लागणाऱ्या धोकादायक इमारतींच्या यादीत आमची बिल्डिंग आली, सी-1 मध्ये. म्हणजे रिकामी करा आणि पाडा. भिंतीत पिंपळ रुजलेला, जिन्याला वाळवी. त्यामुळे यादीबद्दल तक्रार नाही. तक्रार बिल्डरबद्दल आहे. आम्ही पागडीवाले, म्हणजे पागडी देऊन राहिलेले जुने भाडेकरू. रस्त्यावरच्या गाळ्याच्या बदल्यात रस्त्यावरचाच गाळा, असं बोलणं झालं होतं. बांधून झाल्यावर म्हणतो, "दर्शनी भागात गिरणी शोभत नाही, पीठ उडतं." वरच्या मजल्यांवरच्या नव्या मंडळींनीही माना डोलावल्या. दिवाळीत चकलीची भाजणी यांना काय आकाशातून पडते? पुढचा गाळा केकवाल्याला मिळाला. आम्हाला मागची बाजू, पार्किंगच्या रॅम्पला लागून.

मधल्या काळात दगड आणि मोटर वागळे इस्टेटमध्ये एका ओळखीच्या शेडमध्ये, ताडपत्रीखाली पडून होते. गिऱ्हाइकं पांगली. कोणी घरघंटी घेतली, कोणी पाकिटाच्या पिठावर गेलं. भावाने मोटर विकायला काढली, मी विकू दिली नाही. दहा एचपीची, तांब्याच्या वाइंडिंगची जुनी मोटर आहे ती. ते वजन आताच्या मोटरींना नाही.

समोरच्या वाड्यातल्या काकू वाडा पडल्यावर मुलाकडे घोडबंदर रोडला राहायला गेल्या. गिरणी पुन्हा सुरू झाल्याचं कानावर जाताच टीएमटीच्या बसने ज्वारीचा डबा घेऊन हजर. घरघंटीच्या पिठाची भाकरी थापताना कडेला चिरते म्हणाल्या. पीठ चिमटीत चोळून पाहिलं, "याला विरी (चिकटपणा) आहे," म्हणाल्या आणि पुढच्या खेपेला सुनेच्या माहेरचेही डबे घेऊन आल्या. गरम पीठ कधी डब्यात बंद करत नाहीत, आधी परातीत पसरतात. हे सगळ्यांनी शिकण्यासारखं आहे.

आणखी एक. गहू धुतले तर कडकडीत उन्हात वाळवून आणा. ओलसर गहू दगडाला चिकटतो, पीठ जाड पडतं आणि बोल आम्हाला लागतात. दगडाला टाकी लावून तो पुन्हा खरबरीत करण्याचं काम आम्ही वेळेवर करतो, ती शंका नको.

रस्त्यावर पाटी लावायला सोसायटी परवानगी देत नाही, म्हणून इथेच सांगतो. केकच्या दुकानाच्या डावीकडच्या बोळातून आत या, रॅम्प ओलांडला की गिरणी. उपासाचं दळण सोमवारी सकाळी, दगड झाडून, सगळ्यात आधी.