गाडीतली गॅसची टाकी मी कुठे भरतो?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो. माझी गाडी म्हणजे फिरते घरच, आणि ही टाकी तिच्यातल्या स्वयंपाकाच्या शेगडीची. लोणारच्या काठावर असो, चिखलदऱ्याच्या घाटात असो किंवा आमच्याच गावच्या पारापाशी असो, गाडीचे मागचे दार उघडून मी शेगडीवर चहा ठेवला की कोणीतरी विचारतेच, "काका, टाकी भरता कुठे? घरच्या मोठ्या सिलिंडरमधूनच घेत असाल ना?" मी टाकी भरत नाही, बदलून आणतो. पाच किलोचे सिलिंडर रिकामे झाले की ते देऊन कंपनीचे भरलेले, सीलबंद सिलिंडर घेतो.

परदेशी व्हिडिओंत गाडीच्या पोटाशी कायमची बसवलेली प्रोपेनची टाकी दिसते, आणि नळी लावून ती भरली जाते. अमेरिकेत ही पद्धत रुळलेली आहे, कारण तेथे टाकी 80 टक्क्यांवर थांबवतात आणि भरणाऱ्याला त्याचे शिक्षण दिलेले असते. गाडी तयार करताना मलाही तसेच काही हवे होते. एका कारागिराने जुन्या मोटारीची एलपीजीची टाकी खाली बसवून देण्याची तयारीही दाखवली होती. पण ती टाकी इंजिनासाठी असते; तिच्या तळातून द्रवरूप गॅस ओढला जातो आणि पुढे एका वेगळ्या यंत्रात त्याची वाफ होते. शेगडीला मात्र टाकीच्या वरच्या भागातली वाफच लागते. नळीतून द्रव आला तर तो बर्नरपाशी कित्येक पटींनी फुलतो, आणि ती ज्योत मग आवरण्यासारखी राहत नाही. शिवाय वाहनांच्या एलपीजी पंपावर स्वयंपाकाची टाकी भरून देत नाहीत, आणि तेच योग्य आहे.

मोठ्यातून छोट्यात गॅस उतरवण्याचे काम मी एकदा जवळून पाहिले आहे. तालुक्याच्या गावी एका दुकानात स्टुलावर मोठे सिलिंडर उलटे ठेवलेले होते, खाली ओल्या पोत्यावर छोटे होते, मधल्या नळीवर पांढरे दव गोठले होते आणि हातभर अंतरावर ग्राइंडर चालू होता. दुकानदार मनाने चांगला माणूस होता. "पाच मिनिटांचं काम आहे, साहेब," असे तो म्हणाला. मी त्याला आधी ग्राइंडर बंद करायला लावला आणि माझे सिलिंडर तसेच रिकामे परत आणले. एलपीजी हवेपेक्षा दीडपट ते दुप्पट जड असतो. सुटला की उडून जात नाही, जमिनीलगत पसरतो आणि हवेत त्याचे प्रमाण साधारण 2 टक्के झाले तरी एक ठिणगी पुरते.

त्याहून मोठी गोष्ट डोळ्यांना दिसत नाही. घरगुती 14.2 किलोच्या सिलिंडरमध्ये 33.3 लिटर पाणी मावते, पण त्यात भरलेला द्रव गॅस जेमतेम 26 लिटर जागा घेतो. उरलेली जागा मुद्दाम सोडलेली असते, कारण हा द्रव उन्हाने पाण्यापेक्षा कितीतरी अधिक फुगतो. दुकानात उलटे धरून भरताना वजन कोणी करत नाही, त्यामुळे ती मोकळी जागा किती उरली हे कोणालाच ठाऊक नसते. पहाटेच्या गारव्यात काठोकाठ भरलेले सिलिंडर मे महिन्याच्या दुपारी, अकोला-चंद्रपूरकडे पारा 45 अंशांच्या पुढे असताना, बंद गाडीत राहिले तर द्रवाला फुगायला जागाच उरत नाही आणि दाब थेट पत्र्यावर येतो. असे भरणे कायद्यानेही मना आहे. सिलिंडर भरण्याचे परवाने देणाऱ्या पेसो या संस्थेचे मुख्यालय आपल्या नागपुरातच आहे, हे विदर्भातल्या फार थोड्यांना माहीत असते.

गाडीत मी बदल केला तो सिलिंडरच्या जागेत. मागच्या बाजूला पत्र्याची पेटी आहे. तिचे दार फक्त बाहेर उघडते, आतल्या खोलीकडचे सर्व सांधे बंद आहेत आणि तळाला दोन भोके आहेत, म्हणजे गळालेला गॅस खाली रस्त्यावर पडेल. सिलिंडर उभेच राहते, दोन पट्ट्यांनी आवळलेले. नळी पत्र्यातून जाते तेथे रबरी कडे बसवले आहे, कारण आमच्या पांदण रस्त्यांवर गाडी तासभर हादरली की पत्र्याची धार नळी कापू लागते. नारंगी सुरक्षा नळीवर वर्ष छापलेले असते. पाच वर्षे झाली की मी ती बदलतो.

गेल्या पावसाळ्यात अशाच एका पांदणीतून आल्यावर मी रेग्युलेटरपाशी साबणाचा फेस लावला. वास अजिबात नव्हता, तरी सांध्यावर ज्वारीच्या दाण्याएवढा बुडबुडा हळूहळू फुगत गेला, फुटला आणि त्याच जागी दुसरा आला. सिलिंडरच्या तोंडातले रबरी वायसर चिरलेले होते. तेव्हापासून फेस लावल्याशिवाय मी काडी ओढत नाही.

नवे सिलिंडर घेताना सील पाहतो, मग कड्याजवळच्या पट्टीवरची पुढच्या तपासणीच्या मुदतीची खूण वाचतो. ए म्हणजे मार्चपर्यंत, बी जूनपर्यंत, सी सप्टेंबरपर्यंत आणि डी डिसेंबरपर्यंत, आणि पुढचे दोन आकडे वर्षाचे. शेवटी वजन करून घेतो. सिलिंडरवर कोरलेल्या रिकाम्या वजनात पाच किलो मिळवले की काट्यावर तेवढेच भरले पाहिजे. कमी भरले तर मी भांडतो, आणि जास्त भरले तर ते सिलिंडर गाडीत चढवत नाही.