'पहिल्यापासून'चं इंग्रजी

आमच्या बचत गटाचा अहवाल एका देणगीदार संस्थेला इंग्रजीत पाठवायचा होता. गटाची सचिव मी, त्यामुळे काम माझ्याकडे आलं. मराठी अहवाल मीच लिहिलेला, दोन संध्याकाळी पुरतील असं वाटलं. पुरा आठवडा गेला.

मराठीत वाक्य होतं, 'पहिल्यापासून सगळ्या जणींनी हप्ते वेळेवर भरले.' पहिला म्हणजे 'फर्स्ट', म्हणून मी 'ॲट फर्स्ट' लिहून मोकळी झाले. पुण्यात इंग्रजी घेऊन शिकणाऱ्या भाचीला वाचायला पाठवलं, तर तिचा लगेच फोन. "मावशी, नंतर हप्ते थकले का गं?"

पोटात गोळाच आला. एकही हप्ता थकलेला नव्हता. ती म्हणाली, 'ॲट फर्स्ट' आलं की वाचणारा पुढच्या 'पण'ची वाट बघतो. आधी तसं होतं, मग बदललं. इथे हवं होतं 'फ्रॉम द बिगिनिंग'. उन्हातान्हात मजुरी करून, कधी स्वतःचं औषध लांबणीवर टाकून ज्यांनी हप्ते भरले, त्यांना मी दोन शब्दांत थकबाकीदार करून ठेवलं होतं.

मग अख्खा अहवाल पुन्हा काढला आणि प्रत्येक 'सुरुवातीला'खाली पेन्सिलने रेघ मारली. आपल्या एका 'ला'मध्ये किती काय मावतं! 'सभेच्या सुरुवातीला हजेरी होते', इथे कशाची सुरुवात ते सांगितलंय, म्हणून 'ॲट द बिगिनिंग ऑफ द मीटिंग'. 'सुरुवातीला बायका बँकेत जायला घाबरायच्या', इथे मात्र 'ॲट फर्स्ट' चपखल, कारण आता त्या मॅनेजरशी बेधडक बोलतात. 'इन द बिगिनिंग'ही चाललं असतं, पण 1611च्या इंग्रजी बायबलचं पहिलंच वाक्य त्या शब्दांनी सुरू होतं. शेळीच्या कर्जाला ते मला फार भारदस्त वाटलं. 'पहिल्यांदाच एकीने स्वतःच्या नावावर शेळी घेतली', याला 'फॉर द फर्स्ट टाइम'. आधी अर्ज, मग ठराव, तिथे नुसतं 'फर्स्ट'.

शेवटी एकच वाक्य अडलं. 'सुरुवातीला गटात बारा जणी होतो.' 'ॲट फर्स्ट' लिहिलं तर वाटेल, काही जणी सोडून गेल्या. भाचीला परत फोन केला, बराच वेळ बोललो. मग ते वाक्यच मोडून नव्याने लिहिलं : 'वी स्टार्टेड विथ ट्वेल्व्ह विमेन, अँड ऑल ट्वेल्व्ह आर स्टिल हिअर.'